तेरा वर्षांनंतरची चढण

लष्करातल्या अधिकाऱ्याच्या बढतीचे दोन टप्पे असतात आणि दोन्हींचे कायदे वेगळे.

पहिला टप्पा सेवाकालाचा. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं, मग डेहराडूनच्या आयएमएत एक वर्ष, आणि खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. ठरलेल्या परीक्षा सुटल्या, सेवेचं पुस्तक स्वच्छ राहिलं आणि तब्येतीनं दगा दिला नाही, तर इथवर जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी २००४च्या अखेरीस अमलात आल्यापासूनची ही व्यवस्था.

कर्नलपासून मात्र निवड सुरू होते. कर्नल म्हणजे पलटणीचा कमांडिंग ऑफिसर, सीओ. पायदळात त्याच्या हाताखाली साधारण आठशे जवान. इथं एकाच बॅचचे अधिकारी निवड मंडळापुढे येतात, पण नावानं नव्हे. वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल, कोर्समधली कामगिरी, शौर्यपदकं हे सगळं ओळख झाकून मांडलं जातं. एकूण तीन संधी. तिन्ही हुकल्या की अधिकारी ‘सुपरसीड’ झाला. त्याला पुढे २६ वर्षांच्या सेवेनंतर ‘टाइम स्केल’ कर्नल होता येतं, पण पलटण मिळत नाही.

ही गाळणी कुणाच्या आकसातून आलेली नाही, ती लष्कराच्या रचनेतच आहे. साधारण तीन पलटणींची एक ब्रिगेड, तशा तीनेक ब्रिगेडची एक डिव्हिजन. म्हणजे तीन सीओंपुढे ब्रिगेडियरची खुर्ची एकच. ब्रिगेडियर झाल्यावर रेजिमेंटच्या खुणाही उतरतात. ऑगस्ट २०२३पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्वांचा गणवेश एकसारखा आहे.

शेवटची पायरी तर दिनदर्शिकेवरही अवलंबून असते. पुण्याचे मनोज नरवणे जून १९८०मध्ये शीख लाइट इन्फंट्रीत दाखल झाले. राष्ट्रीय रायफल्सची बटालियन, ब्रिगेड, आसाम रायफल्सचा उत्तर विभाग, अंबाल्याची कोअर आणि कोलकात्याची पूर्व कमांड सांभाळून ते ३१ डिसेंबर २०१९ला लष्करप्रमुख झाले. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि नरवणे साठीचे होणार होते एप्रिल २०२०मध्ये. आधीचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांच्या मुदतीची तीन वर्षं चार-पाच महिने उशिरा संपती, तर नरवणे आधीच निवृत्त झाले असते. प्रमुखपदाची मुदतही तीन वर्षं किंवा वयाची बासष्टी, जे आधी येईल ते; म्हणून त्यांना सव्वादोन वर्षांहून थोडाच अधिक काळ मिळाला.

तेव्हा दारावर ‘लेफ्टनंट कर्नल (निवृत्त)’ अशी पाटी दिसली, तर हा माणूस कुठं कमी पडला असेल, हा प्रश्न गैरलागू आहे. त्यानं आपला टप्पा पुरा केलेला असतो; पुढच्या टप्प्यावर मुळात जागाच थोड्या असतात.