जावईबापूंची शर्यत

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता इंद्रवेल्लीहून न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो. जावईबापू बिदरकडचे, घरी कानडी. मला ते 'माव' म्हणतात. एका शनिवारी त्यांनी रोज ऑफिसला नेतात ती टोयोटा कॅमरी रिकामी करायला घेतली. डिकीतलं सामान निघालं, शेवटी नातवाची सीटही निघाली, तेव्हा लेकीचा पारा चढला. गाडीचं कर्ज अजून फिटायचं होतं आणि हे निघाले शर्यतीला!

"माव, तुम्ही चला, म्हणजे ती काही बोलणार नाही," म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. खरं सांगतो, मीही मनातून धास्तावलोच होतो. उटनूर रस्त्यावर रात्री मोटारसायकली पळवणारी पोरं मी पाहिली आहेत.

इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क १९६५ पासूनचं. पट्टा सरळ, पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. एका वेळी दोनच गाड्या. आमच्या शेजारी आली मस्टँग. तिच्यापुढे कॅमरी म्हणजे शर्यतीच्या खोंडाजवळ औताचा बैल! पण या 'ब्रॅकेट' शर्यतीची रीतच न्यारी. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल, तो आकडा आधीच काचेवर लिहायचा. मस्टँगचा १३.३०, आमचा १६.८०. म्हणून हिरवा दिवा आम्हाला साडेतीन सेकंद आधी. पुढं पोचेल तो जिंकला; मात्र लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे बढाई मारली तरी हार, हातचं राखून सांगितलं तरी हार. आपल्या शंकरपटात हा नियम आणला तर निम्मे गाडीवान घरीच बसतील!

दुपारच्या सरावात १६.८६ आणि १६.८३ अशा वेळा आल्या होत्या. संध्याकाळी गार वारा सुटला. मी म्हटलं, "आकडा बदला. बैलसुद्धा थंडाव्यात जास्त पळतो."

"स्वल्प ताळ्री, माव," ते हसून म्हणाले.

कॅमरी पुढं पोचली. मी टाळ्या वाजवतोय, तर जावईबापू तोंड पाडून चिठ्ठी घेऊन आले. १६.७४! गार हवा दाट असते, इंजिनाला प्राणवायू जास्त मिळतो. सहा शतांश सेकंदांनी बाद.

"हरलात?" लेकीनं दारातच विचारलं.

"गाडी जास्त पळाली म्हणून," मी म्हणालो.

नातवाची सीट परत बसेपर्यंत ती काही बोलली नाही. तिथल्या ड्रॅग शर्यती जानेवारी २०१८ मध्ये बंद झाल्या. चिठ्ठी मात्र लेकीच्या फ्रिजवर अजून चिकटवलेली आहे.