उजेड अडवण्याची कला

जुन्या चर्चमधली किंवा ग्रंथालयातली रंगीत काचेची खिडकी पाहिली की वाटतं, कुणी तरी काचेवर रंगांनी चित्र काढलंय. प्रत्यक्षात त्यातला निळा किंवा लाल कुणी वरून फासलेला नसतो. बांगडीचा हिरवा जसा काचेच्या अंगातच असतो, तसाच तोही. कुंचल्याला तिथे मुख्यतः एकच रंग मिळतो, काळपट तपकिरी, आणि त्याचं काम उजेड अडवणं. कागदावरचा चित्रकार पांढऱ्यावर रंग चढवत जातो. काचेचा कारागीर मात्र उजेड थोडा थोडा कमी करत चित्र उभं करतो.

ही कारागिरी कशी चालायची, हे १२व्या शतकात थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने लॅटिनमध्ये तपशीलवार नोंदवून ठेवलं आहे. बीच झाडाच्या लाकडाची राख दोन भाग आणि वाळू एक भाग भट्टीत वितळवायची, ही त्याची काचेची कृती. रंग यायचा धातूंमुळे. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, तांब्याने लाल किंवा हिरवा. लाल काच मोठी अवघड होती. तिचा जाड तुकडा जवळजवळ काळाच दिसे. म्हणून बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा चढवण्याची युक्ती कारागिरांनी काढली.

मग सुरू होई खिडकीचं काम. चुन्याने पांढऱ्या केलेल्या फळीवर खिडकीचा आराखडा पूर्ण मापात काढत. त्यावर काच ठेवून तापलेल्या लोखंडाने ती तडकवत आणि कडा कुरतडून नेमका आकार देत. हिऱ्याची कटणी तेव्हा आली नव्हती. चेहऱ्याच्या रेषा, वस्त्राच्या चुण्या यांसाठी धातूची पूड आणि काचेची भुकटी कालवलेला तो काळपट रंग लावत. तो ओला असतानाच कुंचल्याच्या दांड्याने खरवडून अक्षरं काढत. खरवडलेल्या जागेतून उजेड आरपार येई आणि अक्षर झळकू लागे. शेवटी तुकडे भट्टीत भाजत, म्हणजे रेष काचेशी एकजीव होई.

हे सगळे तुकडे जोडतं शिसं. एच अक्षराच्या आकाराच्या शिशाच्या पट्टीच्या दोन्ही खाचांत शेजारशेजारच्या काचा बसतात आणि पट्ट्यांचे सांधे डाख लावून पक्के करतात. कसबी कारागीर हे शिसं लपवत नाही. खांद्याची कड, झग्याचा काठ, पंखाची बाजू जिथून जाते, तिथूनच तो पट्टी नेतो. खिडकीला तोलून धरणारी रेघ तीच आणि चित्राची रेघही तीच. १४व्या शतकाच्या सुरुवातीला चांदीच्या क्षाराचा लेप काचेच्या मागच्या बाजूला देऊन भाजायची रीत रुळली. त्यातून लिंबोणी ते नारिंगी छटा मिळू लागल्या. गोरा चेहरा आणि सोनेरी केस आता एकाच तुकड्यावर येऊ लागले, मध्ये शिसं घालायची गरज उरली नाही.

या कलेचं वैभव पाहायचं तर पॅरिसच्या नैऋत्येला असलेल्या शार्त्र गावचं कॅथेड्रल पाहावं. ११९४च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला आणि पुढच्या काही दशकांत ते नव्याने उभं राहिलं. तिथे सुमारे २,६०० चौरस मीटर रंगीत काच आहे. पश्चिमेच्या तीन उंच खिडक्या आगीआधीच्या, साधारण ११५०च्या. सुंदर काचेची माउली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खिडकीतली मेरीची निळी आकृतीही आगीतून वाचलेली.

खिडक्यांत संत आणि राजे आहेत, तशी खालच्या चौकटींत कामकरी माणसंही आहेत. शार्लमेन राजाच्या खिडकीत पायथ्याशी एक फरवाला आतून फर लावलेला झगा उघडून गिऱ्हाइकाला दाखवतो आहे. पाववाले, चांभार, गवंडी यांनाही अशाच जागा मिळाल्या आहेत. हे धंदेवाले त्या खिडक्यांचे देणगीदारच होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण आठशे वर्षांपूर्वीचा बाजार तिथे डोळ्यांनी पाहता येतो, हे खरं. १९३९मध्ये युद्धाचं सावट येताच या खिडक्या एकेक करून उतरवून सुरक्षित जागी हलवण्यात आल्या.

जुन्या काचा खाली जाड असतात, कारण काच शतकानुशतकं हळूहळू ओघळते, असं हमखास सांगितलं जातं. ते खरं नाही. हाताने फुंकून केलेली काच मुळातच सगळीकडे सारख्या जाडीची नसे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमधल्या काचेसारखी काच बनवून २०१७मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. नेहमीच्या तापमानाला अब्ज वर्षांत ती फार तर एक नॅनोमीटर सरकेल! थकतं ते शिसं. ते मऊ पडतं, वाकतं, खिडकीला फुगवटा येतो आणि काचा तडकतात. मग तावदान उतरवायचं, कागदावर त्याचा ठसा घ्यायचा, काचा सोडवून साफ करायच्या आणि नव्या शिशात पुन्हा बसवायच्या. हे काम घाईने होत नाही.

युरोपात १९व्या शतकात शार्त्रसारख्या मध्ययुगीन चर्चची गॉथिक शैली पुन्हा बहरली आणि ही कला मुंबईत पोहोचली. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ कुलाब्यात बांधलेलं अफगाण चर्च १८५८चं. त्याच्या पूर्व-पश्चिम खिडक्यांची काच विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या आराखड्याची. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं ग्रंथालय १८६९ ते १८७८ या काळात बांधलं गेलं. त्याच्या रंगीत खिडक्यांना गेल्या दशकातल्या जीर्णोद्धाराने नवी झळाळी मिळाली.

अफगाण चर्चची पूर्वेकडची खिडकी सकाळी पाहावी, पश्चिमेकडची ऊन कलल्यावर. आधी लांबून सगळं चित्र पाहावं, मग जवळ जाऊन फक्त काळ्या पट्ट्यांचा माग काढावा. कुठली पट्टी चित्राची कड म्हणून आली आहे आणि कुठली निव्वळ आधारासाठी, ते बघावं. त्यानंतर एखादा चेहरा निवडावा आणि त्यावर कुंचला किती कमी फिरला आहे, हे निरखावं.