झाकायची की हाकायची?

आजोबांची फियाट, काकांची अॅम्बेसेडर, मामांची स्टँडर्ड हेराल्ड... घरात एखादी 'क्लासिक' असणं सध्या एकदम इन आहे. फोटो टाकला की लाइक्सचा पाऊस! पण ही गाडी महिन्यातून किती वेळा रस्त्यावर येते, हा प्रश्न विचारला की भलेभले मालक विषय बदलतात.

जुनी गाडी सिग्नलला थांबली की काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. बाजूचा बाइकवाला अंगठा दाखवतो. रिक्षावाला वाकून आत बघतो. मागच्या कारमधला पोरगा काच खाली करून फोन बाहेर काढतो. आणि मग ठरलेले प्रश्न. "कुठलं मॉडेल?" "अॅव्हरेज किती देते?" "पार्ट मिळतात का हो?" आणि सगळ्यात शेवटी, हळूच, "द्यायची आहे का?"

खरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. याआधी ती कधी बाहेर काढली होती?

गेल्या आठवड्यात, असं उत्तर आलं तर समजा की गाडी आणि मालक दोघांची तब्येत ठणठणीत आहे. "अं... दिवाळीला," असं उत्तर आलं तर प्रकरण थोडं सीरियस आहे.

मालकांच्या चार जाती

क्लासिकवाल्यांच्या जगात थोडं फिरलं की लक्षात येतं, इथे गाड्यांपेक्षा मालकांची मॉडेल्स जास्त इंटरेस्टिंग आहेत.

पहिले 'कव्हरवाले'. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात करड्या कव्हरखाली काहीतरी झाकलेलं असतं ना, ती यांची गाडी. प्रेम अफाट. दसऱ्याला हार, हळद-कुंकू, टायरखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. पण चावी लागते ती वर्षातून त्याच दिवशी. बाकी वर्षभर 'पुढच्या रविवारी नक्की काढू' हे वाक्य चालू असतं. गाडी नसते.

दुसरे 'संडेवाले'. पहाटे उठायचं, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत एक चक्कर मारायची, चहा-पोहे हाणायचे आणि नऊच्या आत गाडी परत जागेवर. मुंबईत मरीन ड्राइव्ह, पुण्यात खडकवासल्यापर्यंत. फार तर एखाद्या वीकएन्डला जुन्या हायवेने लोणावळा. एक्सप्रेस-वेवर हे सहसा जात नाहीत, कारण तिथे सगळे शंभराने पळत असताना आपण साठने गेलं की आपल्यालाच कानकोंडं होतं.

तिसरे 'रॅलीवाले'. यांची गाडी वर्षातून दोन-तीनदा बाहेर पडते, पण पडते ती नवरीसारखी नटून. क्रोम चकाचक, सीट कव्हर नवं आणि मालकाच्या डोक्यावर फेटा. काही जण तर गाडी ट्रेलरवर चढवून रॅलीच्या ठिकाणी नेतात. रॅलीसाठी ट्रेलर, हे म्हणजे मॅरेथॉनला स्ट्रेचरवरून जाण्यासारखंच! पण गाडी ८०-९० वर्षांची आणि एकेक पार्ट परदेशातून मागवावा लागणारा असेल, तर त्यांची भीतीही समजून घ्यायला हवी.

आणि चौथे, फारच थोडे, 'रोजवाले'. भाजीला, बँकेत, मुलाला क्लासला सोडायला तीच गाडी. त्यांच्या गाडीवर दोन-चार ओरखडे असतात, डॅशबोर्डवर पार्किंगची पावती पडलेली असते. शोमध्ये बक्षीस मिळणार नाही, पण चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू!

उभी गाडी, आजारी गाडी

न वापरलेली गाडी 'जशीच्या तशी' राहते, हा आपल्याकडचा सर्वात मोठा गैरसमज. कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा. चालून बिघडलेल्या गाडीपेक्षा उभं राहून बिघडलेली गाडी त्याला जास्त छळते.

कारण सोपं आहे. बॅटरी काही न करता हळूहळू उतरत जाते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो बारीक जेट चोक करून टाकतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. मग ब्रेकच्या सिलिंडरमध्ये गंज धरतो आणि एक दिवस चाकच पकडतं. महिनोन् महिने एकाच जागी वजन पडून टायर खालून चपटे होतात. ऑइल सील आणि रबरी पाइप कडक पडून तडकतात. आणि पावसाळ्याचे चार महिने! कोकणात, मुंबईत तर कव्हरखाली कोंडलेली दमट हवा पत्रा आतून खात जाते. वरचा पेंट मात्र झक्कास दिसत असतो. शिवाय उंदीरमामा आहेतच. वायरिंग कुरतडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

"पण आम्ही दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवतो ना!" कव्हरवाल्यांचं हे आवडतं वाक्य. यात फायद्यापेक्षा तोटाच जास्त. थंड इंजिन चोकवर चालतं तेव्हा जास्तीचं पेट्रोल आत जातं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. गाडी पुरेशी तापली तर ते पाणी उडून जातं, पाच मिनिटांत ती तापतच नाही. वर ब्रेक, गिअर, टायर यांना व्यायाम शून्य. म्हणजे जिमला जाऊन नुसता सेल्फी काढून यायचं, तसलाच प्रकार.

टॅक्सीवाल्यांचा फंडा

यावरचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबईकरांनी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलाय. काळी-पिवळी! कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या लायसन्सवर १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आणली. सत्तरच्या दशकात तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर आणि पुढे सोफ्यासारखी सलग सीट. नव्या शतकाच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. पण टॅक्सी म्हणून ती पुढे वीसेक वर्षं धावत राहिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद.

आता गंमत बघा. या टॅक्सी दिवस-रात्र, दोन-दोन शिफ्टमध्ये, ऊन-पाऊस-खड्डे खात पळाल्या. त्यांना थांबवलं ते इंजिनाने नाही, कॅलेंडरने. आणि त्याच काळातल्या किती तरी घरगुती फियाट अगदी जपून ठेवल्यामुळे जागच्या जागी संपल्या!

अर्थात टॅक्सीच्या मागे अख्खी यंत्रणा होती. नाक्यानाक्यावर फियाटचा मिस्त्री, कुर्ल्याला स्पेअर पार्टची दुकानं, सगळं मिळायचं. टॅक्सी गेल्या आणि ते गिऱ्हाईकच गेलं. म्हणजे ज्यांच्याकडे आज पद्मिनी आहे, त्यांच्यासाठी पार्ट आणि मिस्त्री दोन्ही कमी होत जाणार.

मग रोज का नाही?

कारण 'चालवा हो!' म्हणणं सोपं आहे. ऑफिस टाइमला हिंजवडीच्या किंवा अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये पद्मिनी घालून बघा. रेडिएटरचा पंखा इंजिनावरच फिरतो. गाडी उभी, इंजिन आयडलला, म्हणजे पंखाही मंद. टेंपरेचरचा काटा वर चढायला लागतो. मे महिन्यात तर पाइपातल्या पेट्रोलचीच वाफ होते आणि गाडी भर चौकात बसते. मग बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचा तो जुना इलाज. मागून हॉर्नचा ऑर्केस्ट्रा सुरू!

सेफ्टीचं काय? बहुतेक जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. सीट बेल्ट नाही, एअरबॅग नाही. पुढची नवी एसयूव्ही कचकन थांबते, आपल्याला थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणूनच समजूतदार मालक पुढे भरपूर जागा सोडतो आणि त्या जागेत लगेच एक स्कूटर घुसते.

नवीन टेन्शन पेट्रोलचं. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पोचलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. टाकीत महिनोन् महिने हे पेट्रोल पडून राहिलं तर त्रास वाढतो. म्हणजे इथेही उत्तर तेच. टाकीत थोडंच पेट्रोल भरा आणि ते संपवा.

पन्नाशीचा पेच

खरा पेच मात्र कागदावर आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. त्यानंतर पुन्हा नोंदणी ५,००० रुपये. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्यांना 'व्हीए' अक्षरांची खास मालिका. २०२२ पासून तर व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला थर्ड पार्टी इन्शुरन्सच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सूट. सही ना?

पण थांबा. या नोंदणीत एक अट आहे. गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती-देखभाल आणि त्यासाठीचं येणं-जाणं, एवढंच. ऑफिसला न्यायची नाही.

नाही नोंदवली तर? मग नेहमीच्या खासगी गाडीसारखं. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी नव्याने करायची. तिची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० रुपये. म्हणजे १९७२ ची फियाट असलेल्या मालकापुढे सरळ निवड आहे. मान घ्यायचा की मोकळीक? व्हिंटेज म्हणून मिरवायचं की साधी गाडी म्हणून फिरवायचं?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे आणि २०१८ पासून बहुतेक अशा गाड्यांना वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तिथे दर नोव्हेंबरला १९०५ पूर्वीच्या गाड्या लंडनहून ब्रायटनपर्यंत, सुमारे ९५ किलोमीटर, चालवत नेतात. शंभरी ओलांडलेल्या गाड्या, आणि रस्त्यावर!

आपल्याकडे हा प्रश्न आता फक्त श्रीमंतांचा राहणार नाही. मारुती ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली. म्हणजे २०३३ नंतर तीसुद्धा पन्नाशीत! ज्या गाडीत मागे बसून तुम्ही आजोळी गेलात, ती व्हिंटेज होणार. जर तोपर्यंत कुणी ती चालती ठेवली तर.

तर मग, किती वेळा?

पंधरा दिवसांतून एकदा, निदान २०-२५ किलोमीटर. इंजिन पूर्ण तापेल, चारही गिअर पडतील, ब्रेक दाबले जातील, एवढी चक्कर हवी. ते जमत नसेल तर महिन्यातून एकदा तरी. त्यापेक्षा कमी असेल तर तुम्ही गाडी नाही, फर्निचर सांभाळताय.

काही सोप्या गोष्टी :
- निघण्यापूर्वी ऑइल, पाणी आणि ब्रेक ऑइल बघाच. पेट्रोलचा वास आला तर चावी लावू नका.
- ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी फिरली नसली तरी.
- महिनाभर बाहेर जाणार असाल तर बॅटरीची वायर काढा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा आणि हँडब्रेक न ओढता चाकांना लाकडी ठोकळे लावा.
- पावसाळ्यात प्लास्टिकचं नको, हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. उघडीप मिळाली की गाडी उन्हात फिरवून आणा.
- रबरी पाइप जुने असतील तर इथेनॉल चालणारे नवे पाइप टाकून घ्या. खर्च फार नाही, आगीची भीती मात्र जाते.

शेवटचं एक. पार्ट शोधून मिळतात, पेंट परत मारता येतो. पण चोक किती ओढायचा, किती वेळाने सोडायचा, स्टिअरिंगचा गिअर कुठे अडतो आणि तेव्हा क्लच दोनदा का दाबायचा, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीपुरतं लिहिलेलं नसतं. ते फक्त तिला वर्षानुवर्षं चालवलेल्या माणसाला माहीत असतं. आणि तो माणूस आता सत्तरीत आहे. कव्हरखाली गाडी दहा वर्षं थांबेलही, तो थांबेलच असं नाही. तेव्हा चावी बाबांच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा आणि म्हणा, "बाबा, पहिला कसा टाकायचा ते दाखवा ना!"