कॉन्व्हेंटला ॲडमिशन घेताय? आधी हे चार प्रश्न विचारा

आजचा विषय आहे शाळाप्रवेश. तुम्ही म्हणाल, आमचं अजून लग्नसुद्धा नाही, आम्हाला काय त्याचं? पण दादाच्या पोराचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असला की घरात कुणाला हाक मारतात? तुम्हालाच ना! आणि वहिनीचं एकच म्हणणं असतं, "कॉन्व्हेंटमध्येच टाकायचंय." म्हणून हा एपिसोड नीट ऐका आणि घरच्यांनाही ऐकवा.

आपल्याकडे इंग्रजी माध्यमाची कुठलीही शाळा म्हणजे 'कॉन्व्हेंट'. पण कायद्यात असा प्रकारच नाही. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३), पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स (१८६७), मुंबईची सेंट झेवियर्स हायस्कूल (१८६९) या जेझुइट फादरांच्या शाळा. काही शाळा सिस्टर्स चालवतात, काही प्रॉटेस्टंट मिशनच्या आहेत. ख्रिस्ती शाळा इंग्रजीच असते असंही नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनने मराठीतून शाळा चालवल्या. आणि काही ठिकाणी फक्त पाटीवर 'सेंट' असतं, आत चर्चचा काही संबंध नसतो. आपल्याच गल्लीतल्या एखाद्या ट्रस्टची शाळा असते ती.

म्हणून पहिला प्रश्न: शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का? पाटी बघू नका, ऑफिसात विचारा. संविधानाच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. यावरून तुमच्या खिशावर थेट परिणाम होतो. कसा, ते सांगतो.

आरटीई, म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्यात खाजगी विनाअनुदानित शाळांना सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं. २०१४ च्या प्रमती निकालात तर हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच नाही, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, असं ठरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या निकालावर शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवलं. पण नुसती शंका घेतल्याने जुना निकाल रद्द होत नाही.

आता बघा, घोळ कुठे होतो. घरचं उत्पन्न वर्षाला लाखाच्या आत. सगळे म्हणतात, "आरटीईतून त्या कॉन्व्हेंटला नंबर लागेल." घरचे लॉटरीची वाट बघत बसतात. इकडे शाळेचा स्वतःचा फॉर्म निघतो आणि बंदही होतो. तिकडे आरटीईच्या यादीत ती शाळा मुळातच नसते. पोराचं एक वर्ष असं जाऊ शकतं. म्हणून आरटीईच्या पोर्टलवर शाळेचं नाव आधी शोधा. नाव नसेल तर शाळेच्या फॉर्मची तारीख पकडा आणि आरटीईसाठी यादीतली दुसरी शाळा बघा. उलटही होऊ शकतं बरं का! 'सेंट' नावाची साधी खाजगी शाळा असेल, तर ती या यादीत सापडू शकते.

दुसरा प्रश्न: शाळा अनुदानित आहे का, आणि कितवीपासून? काही जुन्या शाळांत वरचे वर्ग अनुदानित असतात, पण केजी विनाअनुदानित. त्यामुळे एकाच इमारतीत फी वेगवेगळी. कलम २९ प्रमाणे सरकारी अनुदान घेणारी शाळा केवळ धर्म किंवा जातीवरून प्रवेश नाकारू शकत नाही. मात्र आपल्या समाजाच्या मुलांना प्राधान्य देण्याची मुभा अल्पसंख्याक शाळेला असते. ख्रिस्ती मुलांकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागतात तो त्यासाठीच. आपल्याकडे तो नाही म्हणून दार बंद झालं असं समजू नका. यातल्या कितीतरी शाळांत बिगरख्रिस्ती मुलंच जास्त असतात. फक्त विचारा, "खुल्या जागा किती उरतात? सख्ख्या भावंडाला प्राधान्य आहे का?"

तिसरा प्रश्न, जो आजीच्या मनात असतो: पोराला धर्म शिकवतील का? कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. कॅथलिक शाळांत साधारणपणे ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण, असे वेगळे तास असतात. सकाळची प्रार्थना मात्र अनेक ठिकाणी असते. मग ॲडमिशनच्या वेळीच विचारायचं, "प्रार्थनेत काय असतं? आमचं मूल नुसतं शांत उभं राहिलं तर चालेल का?" आणि फॉर्मवर सही करण्याआधी संमतीची ओळ वाचा. आपण बारीक अक्षरं न वाचता ॲपवर 'सहमत' दाबतो ना, तसं इथे करू नका.

चौथा प्रश्न: एकूण पैसे किती? प्रवेशासाठी कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. खाजगी शाळांच्या फीसाठी २०११ चा वेगळा कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघ आणि पालकांचे प्रतिनिधी असलेली कार्यकारी समिती येते. तेव्हा फीचा पूर्ण तक्ता मागा, त्यात टर्म फी, गणवेश, पुस्तकं, बस सगळं धरा. जे द्याल त्याची पावती घ्या. कुणी "पावती नको" म्हणालं, तर तिथेच थांबा.

जाता जाता, मराठीचं काय? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केलीय. तेव्हा आयसीएसई असो की एसएससी, "इथे मराठी नसते" हे उत्तर चालणार नाही.

मिशनच्या शाळांनी महाराष्ट्रात पिढ्या घडवल्यात. म्हणूनच त्यांच्या नावाला एवढं वजन आहे. पण आपल्या पोराला नुसत्या नावात बसायचं नाहीये, त्या वर्गात बसायचंय. हे चार प्रश्न नोट्समध्ये टाका, दादाला पाठवा, आणि शाळेच्या ऑफिसात शक्यतो तुम्हीही सोबत जा.

चला, भेटू पुढच्या भागात!