टायर नेमका कुठे घासतो

गाडी जॅकवर चढली की मामा आधी टायरकडे बघत नाहीत. चाक काढून भिंतीला टेकवतात, टॉर्च कमानीच्या आत धरतात आणि काळ्या प्लास्टिकच्या लायनरवरून बोट फिरवत जातात. आतला सगळा लायनर धुळीने राखाडी झालेला असतो. जिथे ती धूळ निघून प्लास्टिक चकचकीत झालंय, तिथे टायर घासतो. बोटाला रबराची बारीक काळी भुकटी लागते. चकाकी लायनरच्या पुढच्या किंवा मागच्या कोपऱ्यात असेल, तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर घासतंय. वर फेंडरच्या कडेशी असेल, तर खड्ड्यात चाक वर उसळल्यावर. आणि आतल्या बाजूला, शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर ओरखडे असतील, तर रिम जास्त आत गेली आहे. तिन्हींची कारणं वेगळी. लोक मात्र तिन्हींवर एकच उपाय करतात: टायर एक साइझ लहान घेतात.

पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टचा बाजार आहे, त्याच्या जवळच मामांचं चाकांचं आणि सस्पेन्शनचं दुकान. त्या दिवशी रॅम्पवर एक पांढरी पोलो होती. ही गाडी चाकणच्या कारखान्यात २०२२पर्यंत बनली. बंद झाली तरी हौशी पोरांचा तिच्यावरचा जीव कमी झालेला नाही. हिचे मूळ टायर १८५/६० आर१५. मालकाने ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या होत्या आणि मित्राकडून १६ इंची अलॉय घेतले होते, ७ इंच रुंद, ऑफसेट ३५. त्यावर १९५/५५ आर१६ टायर. कंपनीनेच पुढे पोलोच्या वरच्या मॉडेलला हा साइझ दिला होता, त्यामुळे त्याला शंका यायचं कारण नव्हतं. मागे दोघं बसले की उजवीकडून खर्रर्र आवाज येतो, एवढीच त्याची तक्रार होती.

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने आकडे मांडले. १८५/६० आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, सायडवॉलची उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी, आणि रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. सायडवॉल वरखाली दोनदा धरायची: टायरची पूर्ण उंची ६०३ मिमी. १९५/५५ आर१६ची याच हिशेबाने जवळजवळ ६२१. फरक १८ मिमीचा. त्यातला अर्धा, म्हणजे ९ मिमी, चाकाच्या मध्यापासून वर कमानीकडे जातो. कमान आधीच ३५ मिमी खाली आलेली. म्हणजे टायर आणि फेंडर यांच्यातली ४४ मिमी जागा गेली.

पण खरी गोम उंचीत नव्हती. मूळ रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४०. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा चेहरा किती मिमी बाहेर आहे ते. हा आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीबाहेर येतं. ६ इंच ऑफसेट ४०वरून ७ इंच ऑफसेट ३५वर गेलं की रिमची बाहेरची कड जवळजवळ १८ मिमी बाहेर सरकते आणि आतली कड ८ मिमी आत जाते. टायरच्या बाजूवर छापलेली रुंदीही ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिमी फुगतो. १९५चा टायर ६ इंचाच्या रिमवर १९५ भरतो, ७ इंचाच्या रिमवर तो २०५च्या आसपास जातो. शिवाय एकाच साइझचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवले तर एकाचा खांदा गोल निघतो आणि दुसऱ्याचा चौकोनी. फेंडरला आधी भिडतो तो खांदाच.

मग मामांनी जे केलं, ते टायर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात व्हायला हवं असं मला वाटतं. पोलोच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळे असतात. शॉकचा खालचा बोल्ट काढला, ॲक्सल खाली दाबला, स्प्रिंग हाताने ओढून बाहेर काढली आणि शॉक पुन्हा जागेवर बसवला. आता चाकाला वर जाण्यापासून अडवणारं एकच उरलं होतं: शॉकच्या दांड्यावरचा रबराचा बंप स्टॉप. मामांनी ॲक्सलखाली जॅक लावला आणि हळूहळू चाक वर चढवायला सुरुवात केली. अगदी वाईट खड्ड्यात, भरलेल्या गाडीत चाक जेवढं वर जाईल, तेवढं.

बंप स्टॉप टेकायला अजून बोटभर अंतर होतं, तेव्हाच टायरचा खांदा फेंडरच्या आतल्या कडेला जाऊन बसला. "बघा भाऊ," मामा म्हणाले, "स्प्रिंगने नाही केलं हे."

ही गोष्ट माझ्याही डोक्यात तोवर नीट शिरली नव्हती. गाडी खाली बसवल्याने चाक वर जाण्याची शेवटची हद्द बदलत नाही. ती हद्द बंप स्टॉप ठरवतो, आणि कुणी तो कापला नसेल तर ती कंपनीने ठेवली तिथेच असते. मूळ स्प्रिंगवरही मूळ चाक कधी ना कधी तिथवर जाऊन आलेलंच असतं, आणि घासलेलं नसतं, कारण कंपनीने तेवढी जागा सोडलेली असते. लोअरिंगने एवढंच होतं की त्या हद्दीपर्यंतचा प्रवास कमी होतो आणि चाक तिथे वारंवार जातं. म्हणून घासणाऱ्या टायरचा दोष नुसत्या उंचीवर ढकलून चालत नाही. तो बहुतेक वेळा रुंदी आणि ऑफसेट यांच्या जोडीत सापडतो.

या गाडीत आणखी एक धोक्याची गोष्ट निघाली. मागचा बंपर फेंडरला जोडणारा स्क्रू नेमका टायरच्या वाटेत होता आणि त्याच्या डोक्याने टायरच्या खांद्यावर गोल चर पाडली होती. नुसतं प्लास्टिक घासलं तर वर्षभर फक्त आवाज ऐकू येतो. लोखंड घासलं तर एक्स्प्रेसवेवर टायर फुटतो. मामांनी तो टायर मालकाच्या हाताने चाचपून दाखवला.

उपाय ठरवताना बरीच चर्चा झाली. फेंडरची आत वळलेली कड आणखी वर दुमडता येते. हबला रोलर बसवतात, हीट गनने रंग गरम करतात म्हणजे तो तडकत नाही, आणि कड हळूहळू दाबत नेतात. सेंटिमीटरभर जागा मिळते. मामा हे काम करतात, पण मुंबई-कोकणातल्या गाड्यांना सहसा नको म्हणतात. रंगाला केसाएवढी भेग गेली तरी खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंज धरतो. मालकाला १७ इंचाचाही मोह होता. २०५/४५ आर१७ची उंची ६१६ मिमी, म्हणजे आत्ताच्या टायरपेक्षा कमी. पण सायडवॉल फक्त ९२ मिमी. आपल्या रस्त्यांवर ९५च्या खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. खड्ड्याची कड थेट रिमला लागते आणि अलॉयला चीर जाते. रुंद रिमवर मुद्दाम अरुंद टायर ताणून बसवायची फॅशन तर मला अजिबात मान्य नाही. टायरची कड रिमला घट्ट धरते म्हणूनच हवा आत राहते, आणि ती पकड कुणी दिखाव्यासाठी कमी करू नये.

शेवटी ठरलं ते असं. ७ इंची अलॉय विकायचे आणि साडेसहा इंची, ऑफसेट ४२चे घ्यायचे. त्याने बाहेरची कड ७ इंचीपेक्षा १३ मिमी आत येते. आतल्या बाजूला जागा मूळ रिमपेक्षा ८ मिमी कमी होते, म्हणून पुढच्या शॉकजवळ मोजून बघितलं; बोट सहज जात होतं. टायर १९५/५० आर१६. हा प्रत्येक दुकानात हाताशी नसतो, मागवावा लागतो. उंची ६०१ मिमी, मूळ टायरपेक्षा फक्त दोनने कमी, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास खरं बोलतो. १९५/५५मध्ये तो ३ टक्के मागे होता. साइझनंतर छापलेला भाराचा आकडाही मामांनी बघायला लावला: ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८२ म्हणजे ४७५. मूळ टायरवर जो आकडा असेल त्याच्या खाली यायचं नाही.

एक किंमत यात मोजावी लागते, ती मामांनी आधीच सांगितली. ५५वरून ५०वर आलं की गाडीचं पोट आणखी १० मिमी जमिनीकडे येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो आरामात ओलांडता येतो. सोसायट्यांसमोर आणि गावाच्या वेशीवर लोकांनी स्वतःच घातलेले उंचवटे कुठल्याच मापात बसत नाहीत, तिथे गाडी तिरकी काढावी लागेल. कायद्याचंही बोलणं निघालं. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल वाहनात करता येणार नाहीत, तेव्हा स्प्रिंगांचा विषय मालकाने आपल्या विमा कंपनीशी बोलून घ्यावा.

नवी चाकं आली त्या दिवशी मामांनी फेंडरच्या आतल्या कडेवर पांढरा खडू ओढला, मागच्या सीटवर दुकानातली तीन पोरं बसवली, डिकीत दोन जुने टायर टाकले आणि समोरच्या उंचवट्यावरून गाडी जरा जोरात काढायला सांगितली. डावीकडचा खडू जसाच्या तसा होता. उजवीकडे दोन बोटं लांबीचा पुसट डाग निघाला. मागचा ॲक्सल कारखान्यातूनच एका बाजूला एखाद-दोन मिमी सरकलेला असतो, हे त्यांना माहीत होतं. फक्त तेवढ्या भागात रोलर फिरवला, आडवा आलेला स्क्रू काढून तिथे चपट्या डोक्याचा घातला, खडू पुन्हा ओढला आणि पोरांना पुन्हा गाडीत बसवलं. या वेळी डाग नव्हता. मग अलाइनमेंट, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या प्रेशरची हवा, आणि पाचशे किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला यायची ताकीद.