ताणलेल्या तारांचा गंज

5 जुलै 1986 रोजी, ऐन पावसाळ्यात, पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. 1970 साली वाहतुकीला खुला झालेल्या या पुलाचं वय जेमतेम सोळा वर्षं होतं. पणजी आणि पलीकडच्या बेतीमधली ये-जा पुन्हा फेरीबोटींवर आली. पूल काँक्रीटचा, घात केला तो त्याच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारांच्या गंजाने.

कार्बन पोलाद म्हणजे लोखंड आणि चिमूटभर कार्बन. खिडकीच्या गजातलं, शेडच्या अँगलमधलं माइल्ड स्टील घ्या. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. ते वाकतं, वेल्ड होतं आणि दर चौरस मिलिमीटरला 250 न्यूटनच्या आसपास ताण आला की लवू लागतं. प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये ताणून बसवायच्या तारेत कार्बन 0.8 टक्क्यांच्या जवळ जातो. ही तार तापवून वितळलेल्या शिशात थंड करतात, मग लहान लहान होत जाणाऱ्या भोकांमधून ओढून बारीक करतात. ती दर चौरस मिलिमीटरला 1,500 न्यूटनपेक्षाही जास्त ताण सोसते. म्हणूनच अशा तारांच्या जुड्या पुलाचे लांबलचक गाळे तोलून धरू शकतात.

कार्बन वाढल्याने गंजण्याचा वेग फारसा बदलत नाही. खारी, दमट हवा दोन्ही पोलादांना सारखीच खाते. गंज रोखणारं स्टेनलेस हवं तर निदान 10.5 टक्के क्रोमियम लागतं. फरक पडतो तो गंज लागल्यानंतर. स्लॅबमधली साधी सळई गंजली की फुगते, काँक्रीटला तडे पाडते, तांबूस ओघळ येतात, पापुद्रे सुटतात. घरमालकाला वेळेवर इशारा मिळतो. ताणलेल्या तारेकडून असा इशारा मिळेलच असं नाही. ती आपल्या तोडशक्तीच्या निम्म्याहून अधिक ताण रात्रंदिवस वाहत असते. तिच्यावर एक बारीक खड्डा पडला की सगळा ताण त्याच्या टोकाशी एकवटतो, आणि तार आधी न ताणता काचेसारखी तुटते. माझ्या मते मांडवीचा खरा धडा हाच आहे: ताकद वाढवली तेव्हा चूक खपवून घेण्याची जागा कमी झाली.

खरं तर काँक्रीट पोलादाचं उत्तम राखणदार आहे. सिमेंटच्या तीव्र अल्कधर्मी ओलाव्यात पोलादावर ऑक्साइडचा अतिपातळ पडदा धरतो. मिठातलं क्लोराइड पोचलं की तो जागोजागी फाटतो. म्हणून तारा ज्या नळीत ओवतात ती सिमेंटच्या पातळ रबड्याने ठासून भरणं, म्हणजे ग्राउटिंग, याला इतकं महत्त्व. नळीत पोकळी राहिली, तिथे पाणी आणि हवा शिरली, तर गंजाला आयता आसरा मिळतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

साध्या पोलादाला उपाय पुष्कळ आहेत: रंग, इपॉक्सी, सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला लेप. जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. विद्युतप्रवाह देऊनही हेच साधता येतं. पण हाच उपाय ताणलेल्या तारेवर बेताने करावा लागतो. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला तर तारेच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो, पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. साध्या सळईला तारणारा उपाय इथे मारक ठरू शकतो.

1973 साली खुल्या झालेल्या ठाणे खाडी पुलाच्या तारांनाही गंजाने गाठलं, आणि त्याला बाहेरून प्रीस्ट्रेसिंगचा आधार द्यावा लागला. बाहेरच्या तारा डोळ्यांना दिसतात, तपासता येतात, बदलता येतात. मांडवीवर 2019 साली आलेला अटल सेतू केबल-स्टेड आहे. अशा पुलांच्या केबल प्लॅस्टिकच्या आवरणात, पण काँक्रीटच्या बाहेर असतात, आणि गरज पडल्यास बदलता येतील अशा बेतलेल्या असतात. सत्तरच्या दशकातल्या पुलांच्या पोटातल्या तारा पाहायच्या तर मात्र नळीपर्यंत भोक पाडून आत कॅमेरा घालावा लागतो. किनारपट्टीवरच्या प्रत्येक जुन्या पुलासाठी हा खर्च देखभालीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळा धरलेला असायला हवा.