एमएम ५४०: जुन्या जीपची कूलिंग सिस्टीम सुधारताना

महिंद्रच्या एमएम ५४० जीपमधले एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन मूळचे फ्रान्सच्या प्युजो कंपनीचे. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, ८३ मिलिमीटर स्ट्रोक, २११२ सीसी आणि सुमारे ६२ अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे आणि लायनर 'वेट' प्रकारचे, म्हणजे पाणी थेट लायनरच्या भिंतीला लागते. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कक्षात पेटते आणि तिथून ज्वाला पिस्टनवर येते. या रचनेमुळे इंजिन आवाजाला मवाळ असते, पण आजच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांपेक्षा त्याची जास्त उष्णता हेडमधून पाण्यात उतरते. गाडी एकदाच जरी बेफाम तापली, तरी अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅस्केट उडते. म्हणून लिफ्ट किट, विंच किंवा मोठे टायर यांच्याआधी या जीपच्या पाण्याकडे लक्ष द्यायला हवे.

डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा क्रँकला मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच पाण्यात मुरतो. ६२ अश्वशक्ती म्हणजे ४६ किलोवॉट. तेवढीच उष्णता पाण्याला उचलायची असेल आणि रेडिएटरमध्ये पाणी १० अंशांनी थंड होत असेल, तर सेकंदाला सुमारे १.१ लिटर पाणी फिरावे लागते आणि जाळीतून साधारण एक घनमीटर हवा जावी लागते. डांबरी रस्त्यावर यातली बरीच हवा गाडीचा वेगच पुरवतो. ऑफ-रोडला तसे होत नाही. लो रेंज, पहिला गिअर, इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर आणि गाडी माणसाच्या चालीने, अशा वेळी सगळी हवा एकट्या पंख्याला ओढावी लागते. त्यात हवामानाची भर. पाणी ९० अंशांवर असताना बाहेर २५ अंश असतील तर रेडिएटरला ६५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात विदर्भात ४५ अंश असतील तर तो ४५ वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर तीस टक्क्यांनी लहान झाला असे समजायचे.

सुधारणेची सुरुवात नवा रेडिएटर घेण्यापासून करू नये. तीस-पस्तीस वर्षांची जीप गरम होते ती बहुतेक वेळा यंत्रणा मुळात अपुरी होती म्हणून नव्हे, तर ती मूळ अवस्थेत उरलेली नाही म्हणून. आधी गॅस्केट तपासावे. थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिले आणि बुडबुडे सतत येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. मग कितीही मोठा रेडिएटर लावला तरी उपयोग नाही. डिझेल पंपाचे टायमिंग चुकले असले तरी गाडी तापते. इंजिन तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर फिरवला की मध्येच थंड पट्टे सापडतात. तेवढ्या नळ्या गाळाने आणि क्षाराने बुजलेल्या असतात. वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरलेल्या गाडीत हे हमखास दिसते, आणि तोच थर ब्लॉकच्या आतही असतो. म्हणून रेडिएटरबरोबर ब्लॉकही उलट्या दिशेने धुऊन काढावा लागतो. खालचा होज पाइप मऊ पडला असेल तर पाण्याच्या पंपाच्या ओढीने तो चिमटतो. आत स्प्रिंग असलेला होज घेणे हा त्यावरचा स्वस्त आणि कायमचा उपाय.

थर्मोस्टॅटबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण गॅरेजमध्ये सर्वांत जास्त नुकसान त्याच्या बाबतीत होते. 'आपल्या हवेत याची गरज नाही' म्हणून तो काढून टाकण्याची जुनी पद्धत आहे. साधारण ८२ अंशांना उघडणारा हा वॉल्व्ह इंजिनला कामाच्या तापमानावर लवकर आणतो. तो नसेल तर डिझेल थंड भिंतींवर अर्धवट जळते, ऑइल खराब होते आणि लायनर झिजतात. दुसरा तोटा सहसा लक्षात येत नाही. अनेक इंजिनांत रेडिएटरला वगळून पाणी परत पंपाकडे नेणारी बायपासची वाट असते, आणि थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच खालची तबकडी ती वाट बंद करते. वॉल्व्ह काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा एक भाग थंड न होताच फिरत राहतो. गाडी थंड राहावी म्हणून केलेला उपाय चढावर उलटतो. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तो गरम पाण्याच्या भांड्यात सोडून थर्मामीटरने उघडण्याचे तापमान पाहावे.

यानंतर हवा. पंख्याभोवतीचे कवच, म्हणजे श्राउड, पूर्वीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत काढून ठेवलेले असते आणि पुन्हा बसत नाही. श्राउडशिवाय पंखा स्वतःच्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो, जाळीचे कोपरे कोरडे राहतात, आणि पात्यांच्या टोकावरून गरम हवा पुन्हा पुढे येते. पत्र्याचे श्राउड स्थानिक फॅब्रिकेटरकडे सहज बनते. ते जाळी पूर्ण झाकणारे असावे, पाती साधारण अर्धी आत आणि अर्धी बाहेर राहावीत, आणि टोकांपाशी दीड-दोन सेंटिमीटरची फट असावी. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून फट त्याहून कमी ठेवता येत नाही. कमी वेगात तापणाऱ्या जीपवर पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक या एका भागाने पडतो.

इलेक्ट्रिक पंख्याचा मोह अनेकांना होतो. इंजिनची गती कितीही असो, तो पूर्ण हवा देतो हा त्याचा खरा फायदा. मोठ्या पंख्याला मात्र १५ ते २५ अँपिअर लागतात. जुना अल्टरनेटर हेडलाइट आणि विंचसह तो भार पेलत नाही, म्हणून जाड वायर, रिले आणि फ्यूज यांच्याबरोबर बहुधा अल्टरनेटरही बदलावा लागतो. ओढा किंवा नदी ओलांडण्याचा प्रश्नही आहे. खोल पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची पाती पुढे वाकून जाळी फाडू शकतात. इलेक्ट्रिक पंखा स्विचने बंद करता येतो. पट्ट्यावरच्या पंख्याला पाण्याआधी पट्टा सैल करणे किंवा पुढे ताडपत्री बांधणे हेच उपाय.

एवढे करूनही गाडी तापत असेल, किंवा टर्बो, एसी अथवा मोठे इंजिन बसवायचे असेल, तर रेडिएटर बदलावा. अॅल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो आणि रुंद नळ्यांमुळे चांगली उष्णता टाकतो, पण जीपची चौकट खडकांवर पिळवटते तेव्हा त्याचे वेल्डिंग तडकते, आणि तालुक्याच्या गावी ते जोडणारा सापडणे कठीण. तांबे-पितळेचा रेडिएटर जड असतो, पण डाग देणारा कारागीर जवळपास कुठेही मिळतो. दूरवर जाणाऱ्या जुन्या गाडीसाठी मूळ टाक्या ठेवून एक जादा रांगेची तांब्याची कोअर भरून घेणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. मात्र जाळीच्या पत्त्या फार दाट घेऊ नयेत. भातखाचरातला चिखल त्यांत बसून वाळला की हवा अडते. चिखल धुताना पाण्याचा मारा इंजिनच्या बाजूने पुढे करावा.

रेडिएटरच्या झाकणाचे काम दाब धरण्याचे. ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी समुद्रसपाटीला सुमारे ११८ अंशांना उकळते. लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीत, सुमारे ५,३६० मीटरवर, उघडे पाणी ८२-८३ अंशांनाच उकळू लागते, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो त्याच सुमारास. तिथे सैल झाकण म्हणजे रिकामा रेडिएटर. तरीही जुन्या डागांच्या रेडिएटरवर मूळपेक्षा जास्त दाबाचे झाकण लावू नये. ओव्हरफ्लोची नळी जमिनीवर सोडलेली असेल तर ती बाटलीत न्यावी आणि परत ओढणारे, दोन सीलचे झाकण बसवावे.

तापमानाचा काटा पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर चालतो. पाणीच निघून गेले की तो वाफेत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. म्हणून वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीचा अलार्म बसवणे हा या यादीतला सर्वांत कमी खर्चाचा विमा आहे.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुमारे तीस टक्के कूलंट महाराष्ट्रासाठी पुरेसा आहे. कडाक्याच्या थंडीत हिमालयात जायचे तर अर्धे-अर्धे मिश्रण करावे. ग्लायकोल वाढवले की मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते, त्यामुळे जास्त घालून फायदा नाही. तांब्याच्या रेडिएटरचे डाग आणि अॅल्युमिनियमचे हेड, दोन्हींना चालेल असे बाटलीवर लिहिलेलाच कूलंट घ्यावा आणि दोन प्रकार मिसळू नयेत. काढलेला जुना कूलंट उघड्यावर ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकोल गोड लागते, कुत्री आणि गुरे ते चाटतात, आणि थोड्या प्रमाणातही ते विषारी असते. तो बंद कॅनमध्ये भरून वापरलेले ऑइल नेणाऱ्या अधिकृत संकलकाकडेच द्यावा.